चेडोबाची दोरी

डोंगरी, २६ ऑगस्ट

चांदणी,

तुला 'ताई' असं लिहिणार नाही. 'जाऊबाई' तर मुळीच नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास आणि उरणला भावाच्या घरी जाऊन बसलीस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद ब्लॉक करता येत नाही, फाडता येतो. फाड, पण आधी वाच.

तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याचा उजवा हात कोपरात फोडला. मोडला म्हणत नाही मी, फोडला म्हणतेय. डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला तेव्हा मला त्यात हाड कुठलं तेच कळेना, सगळा चुरा. पहारीचा पहिला घाव हातावर, दुसरा डोक्यावर येत होता. योगेंद्र खाली वाकला म्हणून तो खांद्यावर निभावला. नाही तर आज मी तुला पत्र लिहीत नसते, पांढऱ्या कपाळानं आपल्या भावाच्या दारात येऊन उभी राहिले असते. सख्खा भाऊ गं! एका ताटात जेवलेला. त्याच्या डोक्यावर पहार घालताना तुझ्या केतनचा हात एकदाही अडखळला नाही.

आणि कशासाठी? राखणीचा देव चेडोबा थोडा सरकला म्हणून.

आपल्या सासऱ्यांनी, धर्मादादांनी, खळ्याची वाटणी केली तो दिवस आठवतो ना तुला? आपण दोघी ओसरीवर भाजी निवडत बसलो होतो आणि हसत होतो. एका आईच्या दोघी, एका घरात दिलेल्या, आपल्याला कसली वाटणी? भात झोडायचं ते खळं, पुढे रस्ता, मागे पाखाडीची पायवाट, मधे सरळ लांबट चौकोन. वकील म्हणाला होता, मधोमध भिंत घाला आणि मोकळे व्हा. दादांनी ऐकलं नाही. घरातल्या प्रत्येकाच्या जमिनीला चेडोबाचा पाय लागलाच पाहिजे, नाही तर राखण कोण करणार, म्हणाले. चेडोबा मागे पाखाडीच्या कडेला. दादांनी एकच दोरी घेतली. खळ्याच्या रस्त्याकडच्या एका कोपऱ्यापासून चेडोबापर्यंत, देवाला वेढा, आणि तिथून रस्त्याकडच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. दोरीच्या मधला मोठा त्रिकोण थोरल्याला, तुझ्या केतनला, दोन्ही बाजूंचे दोन तुकडे धाकट्याला, योगेंद्रला. तिन्हींची टोकं देवापाशी. कुणी चूं केलं नाही.

मग पाखाडीचं गटार फुटलं, घाण पाणी देवाच्या पायाशी यायला लागलं. म्हणून योगेंद्रनं चेडोबा उचलला आणि त्याच कडेनं उजवीकडे, कोरड्यात नेऊन बसवला. शेंदूर लावला, नारळ फोडला. दोरी देवाला बांधलेली, ती देवाबरोबर गेली. एवढंच झालं. ह्यात चोरी कुठे आहे?

तुझा नवरा सकाळी दात घासत मागे आला, आणि त्याला दिसलं की त्याचा शेवगा आणि पायासाठी खणलेला चर दोरीच्या पलीकडे पडलाय.

"माजा शेवगा तुजा कवा झाला रं?"

"देवाला इचार. मी कोन?"

हे योगेंद्र हसत बोलला, मान्य आहे. पण हसण्याला पहार हे उत्तर असतं का?

तुझ्या गालाचं म्हणशील, तर मी शिवत होते. कात्री हातातच होती. तू मधे आलीस. लागली.

तुझा केतन कोठडीतून सुटून आला की बघच.

शालन

---

डोंगरी, १२ सप्टेंबर

चांदणी,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुझ्याकडे पोचलं. बरं झालं.

योगेंद्र घरी आलाय. हात गळ्यात अडकवलेला, बोटं हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आशा ठेवा. मी ठेवतेय, पण त्यानं सोडली. पहिले चार दिवस नुसता भिंतीकडे तोंड करून पडून होता. मी भात कालवून भरवायला गेले तर ताट भिरकावलं. माझ्या कपाळावर लागलं, टेंगूळ आलं. ते टेंगूळ तुझ्या नवऱ्याच्या खाती मांडलं.

नंतर एके दिवशी उठला, मागच्या केळीपाशी गेला आणि डाव्या हातानं कोयता चालवायला लागला. आधी कोयता नुसता घसरायचा. आता एका घावात केळ आडवी होते. सगळी केळीची बाग साफ झाली. रोज दुपारी जेवून झालं की धार लावत बसतो. दगडावरचा तो आवाज सगळ्या आळीला ऐकू जातो. कुणी विचारलं तर म्हणतो, चेडोबाच्या रविवारची तयारी.

तुला सांगायला नको. कार्तिकातल्या त्या रविवारी कोंबड्याचा मान आपल्या घराचा. धाकट्यानं कोंबडा धरायचा, थोरल्यानं कोयता चालवायचा. दुसऱ्या कुणी केलेलं चालत नाही. तोवर तुझा केतन जामिनावर सुटेल असं वकिलाचा कारकून बोलला, आणि सुटला की तो येणारच. देवाला घाबरणारा माणूस आहे तो. भावाला नसेल, देवाला घाबरतो.

योगेंद्र म्हणतो, "येव दे. यंदा मीच कोयता धरतो. कोंबरा त्याला धरू दे. मान दोघांची वाकंल."

तुला वाटेल मी त्याला आवरत असेन. नाही आवरत. ऐकलं की मला बरं वाटतं. मी संध्याकाळचा चहा त्याला दुपारीच करून देते, धार लावताना. आपल्या आईनं असली मुलगी जन्माला घातली हे मलाही माहीत नव्हतं.

आणि ते कात्रीचं. मी शिवत होते हे खरं, पण मशीन घरात होतं आणि तू खळ्यात होतीस. आरडाओरडा ऐकून मी उठले तेव्हा कात्री टेबलावर होती. ती मी उचलली. तू "शालन, थांब" म्हणालीस तेही मला ऐकू आलं होतं.

गाल भरला का?

शालन

---

डोंगरी, २९ सप्टेंबर

ताई,

राग गेलाय असं समजू नकोस. पण आज जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. तुला कळेल, कारण तुझ्या हातात कात्री आईनं दिली आणि माझ्या हातात तू.

नवरात्र तोंडावर आलंय, हंसाबेनच्या ऑर्डरचे घागरे अजून अर्धे पडलेत. तू नाहीस, मी एकटी किती मशीन मारणार? काल ती स्वतः डोंगरीपर्यंत रिक्षा करून आली, नमुना घेऊन. "शालनबेन, ये बीचवाली कली थोड़ी टेढ़ी चाहिए. लड़की घूमेगी तो लहर मारनी चाहिए." म्हणजे टोक मधोमध नको, एका बाजूला सरकवलेलं हवं. मी म्हटलं, कापड जास्त जाईल. ती म्हणाली, "जाएगा क्या? देखो तो सही."

तुला माहीत आहे आपण कळी कशी कापतो. कापडाचा लांबट चौकोन, खालची पूर्ण कड घेराला, वर टोक. टोकापासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत कात्री. मधे कळी, दोन बाजूंना दोन तुकडे. आई म्हणायची, तुकडे टाकू नका, जोडले की दुसरी कळी होते. आपण आयुष्यभर ते करत आलो. टोक मधोमध असायचं, त्यामुळे दोन्ही तुकडे सारखे, त्यात नवल कसलं?

आज मी टोक उजवीकडे सरकवून कापलं. डावा तुकडा मोठा आला, उजवा अगदीच चिंधी. मला वाटलं गेलं कापड. सवयीनं तुकडे कळीवर ठेवून बघितले. दोन्ही उलटे फिरवले, खालचं टोक वर. ताई, बरोबर बसले. सूतभरसुद्धा कमी-जास्त नाही. मी पुन्हा कापलं, टोक आणखी उजवीकडे, पार कोपऱ्याजवळ. तेच. मग डावीकडे. तेच.

मग मी मशीन बंद केलं आणि मागे खळ्यात जाऊन उभी राहिले. कारण ते कापड नव्हतं, आपलं खळं होतं. खालची कड म्हणजे रस्ता. वरचं टोक म्हणजे चेडोबा. कळी तुझ्या नवऱ्याची, दोन तुकडे माझ्या नवऱ्याचे.

सोबत वर्तमानपत्राचे तीन तुकडे टाचून पाठवतेय. तू स्वतः करून बघ. टोकापासून सरळ खाली घडी घाल. मोठ्या चौकोनाचे दोन छोटे चौकोन होतात, डावा आणि उजवा. प्रत्येकातून कात्री ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलीय, म्हणजे प्रत्येकाचं अर्धं कळीत, अर्धं बाहेर. डाव्याचं अर्धं आणि उजव्याचं अर्धं मिळून कळी. म्हणजे सगळ्याचं अर्धं. टोक त्या कडेवर कुठेही ने, घडी सरकेल, पण अर्धं ते अर्धंच राहणार.

कळलं का तुला? चेडोबा सरकला तेव्हा डावीकडे शेवगा गेला, पण उजवीकडे बाभळीच्या रानात तेवढीच जमीन तुमच्याकडे आली. तिकडे काटे आहेत म्हणून कुणी बघायलाच गेलं नाही. दोघंही शेवग्याकडे बघत उभे राहिले. केतनभावजींचं काहीच गेलं नव्हतं. काहीच नाही! आणि आम्हाला काहीच मिळालं नव्हतं.

मी त्या बाभळीत घुसून रडले. हात सगळे ओरबाडले.

हे भावजींना दाखव. तुरुंगात भेटायला जाशील तेव्हा ने. मी इकडे योगेंद्रला दाखवते. हे दिसलं की कोयता हातातून गळून पडेल त्याच्या.

शालन

---

डोंगरी, २७ ऑक्टोबर

ताई,

तुझं पाकीट मिळालं. एक अक्षर लिहिलं नाहीस. आत तेच तीन तुकडे, दोन लहान मोठ्यावर बरोबर बसवून पांढऱ्या दोऱ्यानं कडेकडेनं टाचलेले. टाका बघूनच मी ओळखलं, बारीक, आईसारखा. आणि हेही ओळखलं की तू करून बघितलंस. तेवढ्यावर मी दोन दिवस जगले. आज तेच पाकीट ह्या पत्राबरोबर परत पाठवतेय. भावजी सुटले की त्यांच्याजवळ दे.

आता इकडचं सांगते, कारण ते सांगायलाच हवं.

मी योगेंद्रला जमिनीवर बसवलं, कागद कापून दाखवले. त्याला पटेना. त्यानं स्वतः डाव्या हातानं वेडंवाकडं कापलं, मग जुळवलं. मग म्हणाला,

"म्हंजे मना काय न्हाय भेटला?"

"काही नाही."

"मी देव हलवला, आन मना काय न्हाय भेटला?"

ताई, तेव्हा मला कळलं. गटार फुटलेलं होतं, पण पाणी देवापर्यंत येत नव्हतं. त्यानं मला सांगितलं ते मी मानलं आणि तुला लिहिलं. त्याला पाखाडीच्या तोंडाशी दुकानाचा गाळा काढायचा होता, म्हणून त्यानं देव मुद्दाम सरकवला. चोरायलाच गेला होता. बिचाऱ्याला चोरीसुद्धा जमली नाही. मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि त्यानं ते बघितलं.

त्यानं तो कागद माझ्या तोंडात कोंबला. खरंच कोंबला, डाव्या हातानं, जबडा धरून. मला भिंतीवर दाबून ओरडत होता, "मंग माजा हात कशाला फोरला त्यानं? त्याचा गेला असता तं मी समजलो असतो! फुकट? माजा हात फुकट गेला?" माझा दात हलला. ओठ फाटला. शेजारची इंदूबाई धावून आली म्हणून सुटले.

मी तुला लिहिलं होतं की हे बघितलं की त्याचा राग जाईल. मला वाटलं होतं, काही गेलंच नाही तर भांडण कसलं. तसं नसतं गं. चोरी झाली असती तर त्याच्या हाताला काहीतरी किंमत तरी आली असती.

पण त्यानंतर तो शांत झाला. खरंच शांत. दुसऱ्या दिवशी माझ्या ओठाला हळद लावली, पाया पडतो म्हणाला. कोयता फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचला. धार लावणं बंद. नुसता तो कागद घेऊन बसतो. घडी घालतो, उघडतो. मला मधेच विचारतो, "बरोबर सारखा? बोटभर बी इकरं तिकरं न्हाय?" मी म्हणते, नाही. तो मान हलवतो. काल म्हणाला, "दादांनी वाटनी बरोबर केली होती. सारखा म्हंजे सारखा. आता भावाला येव दे."

भावजी सुटले हे कळलं. उरणला तुझ्याकडेच आहेत ना? चेडोबाच्या रविवारी पाठव त्यांना. मी विचार करूनच लिहितेय. हा मान चुकला तर दोघांमधली शेवटची गोष्ट तुटेल. एक धरेल, एक कापेल, जमीन बोलायची नाही. मी मधे उभी राहीन. ह्या वेळी रिकाम्या हातानं.

तूही आलीस तर मला बरं वाटेल. गाल दाखव.

शालन

---

भाईंदर, १८ नोव्हेंबर

ताई,

आपल्या भावाला फोन केला, त्यानं नीट ऐकून न घेता शिव्या देऊन ठेवला. म्हणून हे इथे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. इंदूबाईंचा मुलगा संघर्ष आजच उरणला बाईकनं येऊन तुझ्या हातात देईल. आधी हे वाच: केतनभावजी जिवंत आहेत. आता बाकीचं.

ते काल सकाळी आले. कोंबडा काखेत, धुतलेला सदरा. तू पाठवलंस, माझ्या शब्दावर पाठवलंस, मला माहीत आहे. आळीतली माणसं लांब उभी होती. योगेंद्र चेडोबापाशी आधीच बसलेला. मी दोघांच्या मधे. भावजी पुढे आले, आणि योगेंद्रच्या गळ्यातल्या हाताकडे बघून ते रडायला लागले. खरे रडले गं, नाक वाहीपर्यंत. "माज्याकरून काय झाला रं, योगी" म्हणाले. योगेंद्र म्हणाला, "जाव दे. देवाचा काम करू."

कोयता त्यानंच फडक्यातून काढला आणि दगडावर ठेवला. रीतीप्रमाणे. थोरल्यानं उचलायचा म्हणून. मला वाटलं, निभावलं. मागे सरकले. ताई, मी मागे सरकले.

भावजींनी कोंबडा योगेंद्रच्या डाव्या हातात दिला, पण कोयता आधी उचलला नाही. खिशात हात घातला. तू टाचलेला तो कागद काढला. भावाला दाखवायचा होता त्यांना. तो चेडोबाच्या दगडावर ठेवला, उजव्या हातानं सपाट केला, बोट ठेवून म्हणाले, "बघ, तुजा पन अर्धा, माजा पन..."

योगेंद्रनं कोंबडा सोडून दिला. डाव्या हातानं कोयता उचलला आणि भावजींच्या कागदावरच्या हातावर घातला. केळीवर घालायचा तसा. एकच घाव. कोपराच्या खाली. हाड दगडावर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. भावजी ओरडले नाहीत, त्यांना कळलंच नव्हतं. ते हाताकडे बघत राहिले. रक्त माझ्या चेहऱ्यावर उडालं, कागदावर उडालं, शेंदरावर उडालं.

योगेंद्रनं कोयता खाली ठेवला, भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "आता सारखा झाला."

तो पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तिथेच बसून होता. मला म्हणाला, "तूच शिकवलास. सारखा म्हंजे सारखा."

हो. मीच शिकवलं. त्याच्या डोक्यातला राग कुठे जावा हे त्याला कळत नव्हतं, तो ह्या घराला पुरून उरेल एवढा होता. मी त्याला माप दिलं. कापड मोजणारी बाई मी, मला वाटलं बरोबर माप मिळालं की माणसं शांत होतात.

मी ओढणी फाडून भावजींच्या दंडाला आवळली. मोळी घट्ट बांधतात तशी पिळून बांधली, लाकूड घालून. आळीतल्या एकानं टेम्पो काढला. उत्तनच्या रस्त्यानं येताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मधेच शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, "चांदणीला सांगू नको." आता सांगतेय.

डॉक्टरांनी हात जोडलाय. राहील म्हणतात. बोटं हलतील का, ते सांगत नाहीत. योगेंद्रच्या वेळीही असंच म्हणाले होते, आशा ठेवा. ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची, म्हणून नर्सनं विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? त्यांच्या बायकोची बहीण म्हणू, की त्यांच्या भावाची बायको म्हणू, मला सुचेना. मी म्हटलं, घरची. तिनं लिहून घेतलं.

पोलीस आज सकाळी जबाब घेऊन गेले. मी सगळं सांगितलं. केळी, धार, कोयता, सगळं. कात्रीचंही सांगितलं, तुझ्या गालाचं. त्यांनी विचारलं नव्हतं. साक्षीला उभी राहीन, माझ्याच नवऱ्याविरुद्ध. इंदूबाई म्हणाल्या, वेडी आहेस. असेन.

संघर्ष म्हणतो, खळ्यात कुणी पाय टाकत नाही. दोरी अजून तिथेच आहे, रक्ताची. कोंबडा जिवंत आहे, तुमच्या ओट्याखाली जाऊन बसलाय. मी त्याला सांगितलं, दाणे टाक, पण धरू नकोस.

माझ्यावर थुंकायचं असेल तर थुंक. कात्री आणायची असेल तर आण, मी गाल पुढे करीन. पण ये. भावजींना पाणी पाजायला, कूस बदलायला माणूस लागतं, आणि उद्या परवा योगेंद्रला डबा न्यायला लागेल. त्या दोघांत मिळून आता दोनच हात चालतात. आपल्या दोघींचे चार आहेत.

संघर्षच्या मागेच बस आणि ये.

शालन